पट्टा, पट्टा आणि पट्टा (घरात तीन हरवले, त्यातले दोनच सापडले)

उंबरठा | सोमवार, दुपारी १:१०

सकाळी सव्वासातची वेळ, गॅसवर पोहे, आणि घरातून तीन बाजूंनी एकाच वेळी आवाज, "माझा पट्टा कुठाय?" नवऱ्याला पँटचा हवा होता, लेकाला कराटेचा, आणि सासूबाईंना मानेचा (स्पाँडिलायटिस आहे, डॉक्टरांनी दिलाय, त्या घालत नाहीत पण हरवला की मात्र लगेच हवा असतो). मी वैतागून ओरडले की माझ्याकडे पट्ट्यांचं दुकान नाहीये, तर नवरा म्हणतो, "तोंडाचा पट्टा मात्र सापडला वाटतं!"

पँटचा दाराच्या मागे होता. कराटेचा पिवळा पट्टा आमच्या मोतीच्या गळ्यात होता, कारण लेकाने काल त्याला 'प्रमोशन' दिलेलं. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याच्या गळ्यात शोभतोय की, माणसाच्या कमरेला कशाला पट्टे बांधायचे?" मानेचा अजून गायब आहे.

मग ऑफिसला जाताना बसमध्ये विचार करत बसले की आपल्याकडे एकाच शब्दाला किती कामं लावलीत. गिरणीचा पट्टा, गाडीचा, कमरपट्टा, दांडपट्टा, कमी दाबाचा पट्टा, उसाचा पट्टा, जमिनीचा पट्टा. तुम्हाला अजून काय आठवतं ते लिहा. नुसती यादी नको हां, त्यामागचं काही माहीत असेल, आठवण असेल तर ते लिहा.

---

टिवल्याबावल्या | सोमवार, दु. १:२२

मी पयला!

वडिलांचा पट्टा राहिला की ताई. आमच्या पिढीचं निम्मं शिक्षण त्याच पट्ट्यावर झालं. त्यांनी नुसता बक्कलला हात लावला की सतराचा पाढा आपोआप यायचा.

---

फौंड्रीवाला | सोमवार, दु. २:४५

हा माझा विषय. आमची गिरणी होती, आजोबांनी सुरू केलेली, आता चुलतभाऊ चालवतो. जुन्या गिरणीत मागच्या खोलीत इंजिन आणि पुढे दगड, आणि मधे भिंतीतल्या भोकातून येणारा तो लांबलचक सपाट पट्टा. त्याचा जोड पत्र्याच्या दातेरी क्लिपने केलेला असायचा, तो जोड पुलीवरून गेला की 'टप्' आवाज. पूर्ण गिरणीचा ठोकाच तो. आजोबा बाहेर ओट्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलत असायचे पण टप् ची लय जरा चुकली की बोलता बोलता उठून आत जायचे, पट्टा घसरतोय म्हणून राळ लावायला. आणि बायकांना एकच ताकीद, पदर खोचून आत या. त्यात थट्टा नव्हती, चालत्या पट्ट्यात कापड गेलं तर माणूस जातो.

आता गंमत सांगतो जी आम्हाला वर्कशॉपमध्ये शिकवेपर्यंत माहीत नव्हती. सपाट पट्टा पुलीवरून बाजूला सरकून पडत का नाही? पुलीला काठ नसतात. तर पुली मध्यभागी किंचित फुगीर केलेली असते. आपल्याला वाटतं उंचवट्यावरून पट्टा खाली घसरेल, पण होतं उलटं, फिरता पट्टा उंच भागाकडे चढतो आणि तिथेच राहतो. मी स्वतः लेथवर करून बघेपर्यंत विश्वास ठेवला नव्हता.

दुसरं, पट्ट्याला आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवला की दुसरी पुली उलटी फिरते. गियरबिअर काही नको. आणि पट्टा पुलीला जास्त गुंडाळला जातो म्हणून पकडही वाढते.

हिशोब तर सोपाच आहे. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिची पुली ६ इंची, आणि दगडाची पुली १८ इंची लावली की दगड ४८० ने फिरतो. मोठी पुली लावा, फेरे कमी पण जोर जास्त. आजोबा चौथी नापास होते आणि हे गुणोत्तर तोंडावर होतं त्यांच्या. दगड जास्त वेगात फिरला की पीठ गरम होतं, भाकरी थापताना चिरते आणि बाई दुसऱ्या दिवशी येऊन दोन शब्द सुनावते, त्यामुळे गणित चुकवून चालायचं नाही.

---

अर्धाचहा | सोमवार, दु. ३:०२

+१ फौंड्रीवाला. त्या टप् टप् ने कान भरून आले. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्या घरघंटीचा पट्टा तुटलाय, त्यावर बी ६८ असं काहीतरी लिहिलंय, ते काय असतं?

---

फौंड्रीवाला | सोमवार, दु. ३:१५

@अर्धाचहा, तो व्ही बेल्ट. बी म्हणजे जाडीचा वर्ग, वरून १७ मिमी रुंद असतो (ए असेल तर १३). ६८ ही आतली लांबी, इंचात. जुना तुकडा घेऊन दुकानात जा आणि आकडा दाखवा, 'मिक्सरपेक्षा मोठा, मोटरसायकलपेक्षा छोटा' असलं काही सांगू नका. आणि नवा चढवताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवू नका, मोटरचे बोल्ट ढिले करून मोटर पुढे सरकवा. उचकटला की आतले दोरे तुटतात, वरून रबर चांगलं दिसतं आणि महिन्याभरात पट्टा गेला.

---

घाटवाट | सोमवार, संध्या. ५:४०

दांडपट्ट्याबद्दल कोणीच नाही?? मराठी माणसांचा धागा ना हा?

लांब, दुधारी, लवचिक पातं आणि हाताला कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी दस्ताना. मनगट अडकलेलं असतं त्यामुळे तलवारीसारखा मनगटाने नाही चालवता येत, खांद्यातून आणि पूर्ण अंग फिरवून चालवावा लागतो. म्हणूनच एकटा पट्टेकरी चार जणांना लांब ठेवू शकायचा. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा महाराजांवर धावला तेव्हा जिवा महालाने पट्ट्यानेच त्याचा हात वरच्या वर उडवला असं सांगतात. होता जिवा म्हणून वाचला शिवा. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

आणि उंबरठाताई, तुमच्या नवऱ्याने म्हटलेला तोंडाचा पट्टा पण बहुतेक इथूनच. पट्टा फिरायला लागला की जवळ कोणी थांबत नाही :)

---

टिवल्याबावल्या | सोमवार, संध्या. ५:४८

मला इतकी वर्षं वाटायचं तोंडाचा पट्टा म्हणजे गिरणीचा. सुरू झाला की थांबत नाही आणि समोरच्याचं पीठ होतं.

---

फौंड्रीवाला | सोमवार, संध्या. ६:१०

टिवल्याबावल्याच्या अर्थाला माझं मत. गिरणीचा पट्टा 'सुरू' होतो, तलवारीचा नाही. घाटवाट, राग नसावा.

---

घाटवाट | सोमवार, संध्या. ६:१४

पट्टा 'सुटला' पण म्हणतात की. 'चालवला' पण म्हणतात. राहू द्या, दोन्ही ठेवू.

अवांतर: पट्टा नावाचा किल्लाच आहे, अकोले तालुक्याच्या उत्तर टोकाला. १६७९ साली जालन्याच्या मोहिमेवरून परत येताना महाराजांनी तिथे मुक्काम केला आणि नाव विश्रामगड झालं. पावसाळा संपता संपता जा, अवघड अजिबात नाही, लेकाला घेऊन जा.

---

जुनाजाणता | सोमवार, रात्री ९:२०

मी जिल्हा कचेरीत एकतीस वर्षं काढली. आमच्याकडे शिपायाला जुनी माणसं 'पट्टेवाला' म्हणत. आता तो शब्द कुणी वापरत नाही आणि बरंच झालं, कारण म्हणण्यात हेटाळणी असायची. पण मुळात पट्टा ही त्याची ओळख होती. खांद्यावरून तिरका जाणारा किंवा कमरेचा रुंद पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर कचेरीचं नाव. त्या बिल्ल्याला चपरास म्हणत, त्यावरून हिंदीतला चपरासी. म्हणजे माणसाचं नाव पुसून मराठीने त्याला पट्टा म्हटलं आणि हिंदीने बिल्ला, एवढाच काय तो फरक.

पोलिसांचंही तेच. हवालदाराचा नंबर विचारायचा तर 'बक्कल नंबर काय?' असंच विचारतात. बक्कल म्हणजे पट्ट्याचं इंग्रजी बकल. आता नंबर पट्ट्यावर असो नसो, कागदोपत्री अजून बक्कल नंबरच लिहितात. आणि धमकी द्यायची असली की 'पट्टा उतरवीन', म्हणजे नोकरी घालवीन.

आमच्या कचेरीत एक शिपाई होते, निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सरकारी पट्टा जमा केला आणि पावती मागून घेतली. कारकून हसला. ते म्हणाले, अडतीस वर्षं याच्यामुळे लोकांनी दारात उभं केलं आणि याच्यामुळेच आत घेतलं, पावती द्या.

---

उंबरठा | सोमवार, रात्री ९:५१

जुनाजाणता काका, शेवटच्या ओळीला थांबले. बक्कल नंबर कधी डोक्यातच आलं नव्हतं, रोज पेपरात वाचतो आपण.

---

वायव्य | मंगळवार, सकाळी ८:०५

उंबरठा, तुम्ही कमी दाबाचा पट्टा लिहिलंत म्हणून हात शिवशिवले. टीव्हीवाले रोज घोळ घालतात. कमी दाबाचं 'क्षेत्र' वेगळं आणि 'पट्टा' वेगळा. क्षेत्र म्हणजे साधारण गोल, चारी बाजूंनी वारे फिरत आत येतात, ते बळावलं तर पुढे डिप्रेशन, चक्रीवादळ वगैरे. पट्टा म्हणजे लांबट घळ. पावसाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यापासून खाली कर्नाटक, केरळपर्यंत समुद्राला समांतर असा पट्टा तयार होतो, तो जोरात असला की कोकण आणि घाटमाथा धुऊन निघतो. त्याला वादळ म्हणून लोकांना घाबरवायचं काही कारण नाही. छत्री घ्या, लोकलचं बघा, बास.

आणि घाट उतरून पूर्वेला आलं की पर्जन्यछायेचा पट्टा. महाबळेश्वरला धो धो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात टँकर. दोन पट्टे शेजारी शेजारी, मधे एक डोंगर.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी १०:३०

आमच्या गोव्यात पट्टा म्हटलं की खाणपट्टा. डिचोली, सत्तरी, सांगे. लहानपणी रस्त्यावरची झाडं पण लाल दिसायची, ट्रकची रांग संपायचीच नाही, मग नदीकाठी जेटीवर खनिज बार्जमध्ये आणि बार्ज मुरगावला. तिथे कन्व्हेअर, म्हणजे पट्ट्यातला माल पट्ट्यावरूनच जहाजात. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि सगळं एकदम गप्प. धूळ गेली म्हणून आई खूश, ट्रकचे हप्ते राहिले म्हणून काका डोक्याला हात लावून. दोघं एकाच घरात.

एक प्रश्न. तुमचा साखरपट्टा, उसाचा पट्टा, खाणपट्टा... मग कोकण'पट्टी' का? किनारा सातशे किलोमीटरच्या वर आणि तरी पट्टीच!

---

टिवल्याबावल्या | मंगळवार, सकाळी १०:४१

कारण कोकणी माणूस मापात राहतो. (पळतो)

---

रानभूल | मंगळवार, दु. १२:५५

मी गडचिरोलीत काम करते. इथे "पट्टा मिळाला का?" हा प्रश्न कुणी विचारला तर त्याचा एकच अर्थ, वनहक्काचा. २००६ च्या कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्यांना हक्क मिळायची सोय झाली, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि जास्तीत जास्त चार हेक्टर. पट्टा म्हणजे तो कागद. नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, हे मला फार आवडतं. मेंढा (लेखा) गावाला तर २००९ मध्ये पूर्ण गावाचा सामूहिक हक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास, बांबू विकायचा की नाही ते ग्रामसभा ठरवते.

एका आजोबांच्या घरी गेले होते, पट्टा दाखवा म्हटलं. त्यांनी आतून डबा आणला, डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कापड, कापडात लॅमिनेशन केलेला कागद. मी वाचत होते तेवढा वेळ ते उभेच.

---

फौंड्रीवाला | मंगळवार, दु. १:३०

सुंदर प्रतिसाद.

मांडवीकाठ, पट्टा आणि पट्टी दोन्ही 'पट्ट' वरून, मोठा तो पट्टा आणि लहान ती पट्टी. पण पट्टीचे उद्योग तर वेगळेच, जखमेची पट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी, पेटीची काळी चार पट्टी, आणि कांदा विकल्यावर आडत्या देतो ती हिशोबाची पट्टी. शेवटच्या पट्टीवर शेतकऱ्याचा रक्तदाब अवलंबून असतो.

---

मिरचीठेचा | मंगळवार, दु. ३:१०

सगळे पुरुषी पट्टे चाललेत, जरा बायकांचं पण.

बाळंतपणानंतर माझं पोट बांधलं होतं आजीने, तिच्या जुन्या मऊ लुगड्याची घडी करून, इतकं घट्ट की श्वास अर्धाच. मोठ्या बहिणीला तेच काम करायला दुकानातला बेल्ट, वेल्क्रोवाला, दीड हजाराचा. डॉक्टर म्हणाल्या आधार वाटत असेल तर लावा पण पोट आत जाईल म्हणून नका लावू, त्याला व्यायामच. आजी हे ऐकून घुश्श्यात.

आणि कमरपट्टा! लग्नात भाड्याने आणलेला, मागची साखळी तोकडी म्हणून मावशीने सेफ्टी पिनेने साडीलाच टाचला. सप्तपदीत चौथ्या पावलाला पिन उघडली. पुढची तीन पावलं कशी टाकली ते फोटोतल्या चेहऱ्यावर दिसतं.

पुरुषांना दागिना नको पण करगोटा चालतो, ही पण गंमतच. आमच्याकडे मूल बाळसं धरतंय की नाही हे काटा नसताना करगोट्यावरून बघायचे. घट्ट झाला की आजी खूश, नवा दोरा.

---

कडकलक्ष्मी | मंगळवार, संध्या. ६:२५

मी जरा रागाने लिहितेय, चालवून घ्या. सीट बेल्टबद्दल एका ओळीत उरकू नका. तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये केला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलं. एका हाताने लावता येतो, खांदा आणि कंबर दोन्ही धरतो. इतकी सोपी वस्तू. आणि आपल्याकडे बेल्ट न लावता नुसता आलार्म बंद करणारी क्लिप विकत मिळायची! २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना त्या काढायला लावल्या. माणूस पैसे देऊन बक्कल घेतो पण पट्टा लावत नाही.

मागच्या सीटचं तर विचारूच नका. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. मग १ नोव्हेंबरपासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना सक्ती झाली. सक्ती आहे, दंड हजार रुपये, आणि तरी माझ्या सोसायटीत मागच्या सीटवर कव्हर असं घातलंय की बेल्टची बक्कलं खाली गाडली गेलीत. आज उठा आणि बघा तुमच्या गाडीत मागची बक्कलं वर आहेत का.

---

अर्धाचहा | मंगळवार, संध्या. ६:३९

बघून आलो. खाली होती. तीनपैकी दोन काढली, तिसऱ्याच्या जागी शेंगदाणे मिळाले.

---

कराटेकाका | मंगळवार, रात्री ८:१५

पिवळ्या पट्ट्याबद्दल मुलाचं अभिनंदन. (मोतीचंही.)

क्लासमध्ये एक गोष्ट हमखास सांगतात की पूर्वी पट्टा धूत नसत, पांढरा मळून मळून काळा व्हायचा म्हणून ब्लॅक बेल्ट. ऐकायला झकास पण खरी नाही. काळा पट्टा ज्युडोच्या जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात सुरू केला, वरच्या दर्जाचे विद्यार्थी ओळखू यावेत म्हणून. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे तर बरेच नंतर, युरोपात शिकवताना आले, दर थोड्या दिवसांनी रंग बदलला की शिकणारा टिकतो. आणि दर परीक्षेची फी असते हे पालकांना वेगळं सांगायला नको.

आता ऑफिसात पण ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट झालेत. सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका कमी करायची पद्धत, तिच्या पायऱ्या. आमचा एक मॅनेजर ब्लॅक बेल्ट आहे, त्याला खुर्चीतून उठताना आधार लागतो.

---

नक्षत्रवेडी | मंगळवार, रात्री १०:५०

उशीर झाला पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. उंबरठा, तुमच्या सासूबाई म्हणाल्या ना, माणसाच्या कमरेला पट्टे कशाला? त्यांना सांगा, 'मुंज' हा शब्दच मुळी पट्ट्यावरून आलाय.

मुंज नावाचं गवत असतं, त्याची तीन पदरी मेखला बटूच्या कमरेला बांधायची, ते मौंजीबंधन. आपण जानव्याला मुंज समजतो पण नाव पडलंय कमरेच्या पट्ट्याचं. स्मृतींमध्ये वर्णाप्रमाणे पट्टा वेगळा, कुणाला मुंज, कुणाला धनुष्याच्या दोरीची मूर्वा, कुणाला तागाचा. म्हणजे पट्ट्यावरून पायरी ओळखायची हे कराटेच्या किती आधीपासून, आणि इथे तर रंग बदलायची परीक्षाच नाही, जन्माने मिळेल तो. आणि बऱ्याच जणांना कुठलाच नाही.

पारशी लोकांची कुस्ती (मल्लांची नव्हे, कमरेला बांधायची पवित्र दोरी) पण तशीच. लोकरीच्या बहात्तर धाग्यांची विणलेली, कमरेला तीन वेढे, नवजोतच्या (त्यांच्यातल्या मुंजीसारख्या विधीच्या) वेळी पहिल्यांदा बांधतात आणि रोज प्रार्थनेत सोडून पुन्हा बांधतात.

आता आकाशात बघा. मृग नक्षत्रात मधोमध तीन तारे एका ओळीत. पाश्चात्त्य लोक त्याला ओरायन या शिकाऱ्याचा पट्टा म्हणतात. आपल्याकडे तो पट्टा नाही, हरणाच्या अंगात घुसलेला बाण आहे आणि मारणारा व्याध मागे चमकतोय. माझ्या आजोबांनी मला बाणच दाखवला होता, शाळेत इंग्रजी पुस्तकात बेल्ट आला तेव्हा दोन्ही एकच हे कळायला मला आठवडा लागला.

आणि हे सगळं एकत्र कुणी बांधलं तर लोकमान्य टिळकांनी. १८९३ सालचा त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ, त्यात एक आख्खं प्रकरण ओरायन आणि त्याच्या पट्ट्यावर आहे. त्यांचं म्हणणं असं की मेखला, पारशांची कुस्ती आणि आकाशातला तो पट्टा एकाच जुन्या कल्पनेची रूपं आहेत. बटूला काय देतात? कमरेला मेखला, अंगावर हरणाचं कातडं, हातात दंड. म्हणजे मुंजीतला मुलगा मृगाचाच वेष करून उभा आहे, आणि नाभीवरच्या तीन गाठी म्हणजे ते तीन तारे! त्यावरून त्यांनी वेदांचा काळ मागे नेला, तो हिशोब आजचे बरेच अभ्यासक मान्य करत नाहीत. पण ते चित्र मात्र डोक्यातून जात नाही. मी भाच्याच्या मुंजीत भटजींचं काही ऐकलं नाही, नुसती त्याच्या गाठी मोजत होते.

---

जुनाजाणता | बुधवार, सकाळी ६:१५

नक्षत्रवेडी, माझी मुंज १९५८ ची. ते गवत टोचायचं एवढंच आठवतं. आज पहाटे मुद्दाम गच्चीवर गेलो, पण ढग होते.

---

टिवल्याबावल्या | बुधवार, सकाळी ९:००

कमी दाबाचा पट्टा, काका.

---

वायव्य | बुधवार, सकाळी ९:०४

शाब्बास. क्षेत्र नाही म्हणालास.

---

उंबरठा | रविवार, रात्री ९:३०

उशिरा येतेय, आठवडा धावपळीचा गेला. सगळे प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. मुंजीचं ऐकून त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग लेकाला बोलावून त्याच्या पिवळ्या पट्ट्याची गाठ स्वतः सोडून पुन्हा बांधली. "नाभीवर येऊ दे" म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही, तो मोतीला शोधत होता.

आज नाशिकला जायला निघालो, कडकलक्ष्मींचा ओरडा डोक्यात होता म्हणून आधी मागच्या सीटचं कव्हर काढलं. बक्कलं खोल आत गेलेली. नवऱ्याने हात घालून ओढलं तर हाताला काहीतरी मऊ लागलं.

मानेचा पट्टा. दिवाळीपासून तिथे होता.

सासूबाईंनी तो बघितला, झटकला, पर्समध्ये ठेवला, आणि सीट बेल्ट लावून बसल्या. मानेचा काही लावला नाही.